हलकं काडतूस

आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एका वेळी एकच डबा असे. चहा करायचा तर आधी चहाचा डबा फळीवरून खाली यायचा, पूड आधणात पडायची, झाकण लागायचं, डबा परत फळीवर जायचा आणि मगच साखरेचा डबा खाली उतरायचा. दोन डबे शेजारी शेजारी दिसले की अण्णा हातातलं काम टाकून आत यायचे, त्यातला एक उचलून जागेवर ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. फोडणीच्या वेळी मोहरी, हिंग आणि हळद यांचं काय होत असेल याची कल्पना करा. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की फोडणी जळली नाही असा एक महिना या घरात गेलेला नाही.

मी निपाणीची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि जे. पी. नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. पहिल्याच रविवारी अक्कांनी चहाला बोलावलं. मी मदतीला म्हणून साखरेचा डबा काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवला. अण्णा आत आले, माझ्या हाताखालून साखर उचलली आणि फळीवर नेऊन ठेवली. मला वाटलं, आपला हात लागलेला चालत नसावा. एवढं शिकलेलं घर आणि अजून सोवळं पाळतात, असं मी मनात म्हटलं आणि बिनसाखरेचा चहा निमूटपणे प्यायले. खरं कारण कळायला पुढे काही महिने जावे लागले. ते गच्चीवरच्या खोलीत होतं.

अण्णा चणीने लहान, पांढरा इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर एक चष्मा आणि गळ्यात दोरीला बांधलेला दुसरा. त्यांचं मराठी घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. चिकपेटेत साड्यांचं घाऊक दुकान आहे, ते भाऊ बघतात. अण्णांचा जीव कापडात कधी रमला नाही. सगळा जन्म त्यांनी तराजू बनवणाऱ्या एका कारखान्यात काढला, तेही भाजीवाल्याचे तराजू नव्हेत, औषधं आणि सोनं तोलायचे नाजूक. निवृत्त झाले तरी हात तोलत राहिला. कोथिंबिरीची जुडी तळहातावर घेऊन ते वजन सांगायचे. लग्नात पानात पडलेला लाडू खाण्याआधी एकदा हातात उचलून बघायचे आणि शेजारच्याला म्हणायचे, "वधूपक्षाने हात आखडलाय."

त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. माझी बोली त्यांना भांडखोर वाटायची. इथल्या पद्धतीने ते मला ‘मा’ म्हणत, आणि कन्नडमधला ‘स्वल्प’ हा शब्द त्यांच्या तोंडातून दर वाक्याला ओघळायचा. स्वल्प म्हणजे थोडंसं. पण अण्णांच्या थोडंसंवर कोणी विश्वास ठेवू नये. रस्त्यात स्वल्प गर्दी होती असं ते म्हणाले की समजायचं, हा माणूस सकाळी निघून जेवणाची वेळ टळल्यावर पोचलेला आहे. मला एकदा सणकून ताप आला होता. थर्मामीटर बघून ते म्हणाले, "स्वल्प आहे मा, होईल सरी," म्हणजे ठीक, आणि तेवढ्यात माझ्या नकळत डॉक्टरांना फोन केला. जगातलं प्रत्येक दुखणं आधी थोडं कमी करून मगच समोरच्याच्या हातात द्यायचं, अशी त्यांची पद्धत होती.

गच्चीवरच्या खोलीला दोन कुलपं होती. सकाळी नाश्ता झाला की अण्णा वर जायचे, जाताना दारावरच्या घंटीचं बटण बंद करायचे, मोबाइल अक्कांच्या स्वाधीन करायचे आणि दोनेक तासांनी खाली यायचे. इतक्या मन लावून कोणी पूजाही करत नाही. मला राहवेना. एकदा भाजी निवडता निवडता मी अक्कांना विचारलंच की अण्णा वर करतात काय. दळण गिरणीतून आणतात, असं सांगावं तितक्या सहज अक्का म्हणाल्या, "माझी काडतुसं भरतात."

मी शेंग हातात धरून तशीच बसले. अक्का म्हणजे गोल चेहऱ्याची, कानात हिऱ्याच्या कुड्या घालणारी, बिसिबेळे भात झकास करणारी बाई. कॉलेजात असताना एनसीसीत त्यांच्या हातात पहिल्यांदा रायफल आली आणि तिथून जी गोडी लागली ती सुटली नाही. लग्न ठरताना त्यांनी अण्णांना तेवढी एकच अट घातली होती. पुढे रायफल जाऊन रिव्हॉल्व्हर आलं, क्लबच्या स्पर्धा आल्या, काचेच्या कपाटातले कप आले. मला ते कप इतके दिवस अण्णांचे वाटत होते. अण्णा स्पर्धेत कधी उतरले नाहीत. "मी हमाल," म्हणायचे. "पेटी उचलतो, काडतुसं भरतो." सगळं रीतसर परवान्याने चालायचं. पोलीस ठाण्यातून मधूनमधून कोणी तपासायला येई, खोली बघे आणि अक्कांची कॉफी पिऊन जाई.

एवढं ऐकल्यावर ती खोली बघितल्याशिवाय मला चैन पडेना. अण्णांनी फार आढेवेढे घेतले नाहीत, पण पहिल्या दिवशी दारातूनच परत पाठवलं. माझी ओढणी नायलॉनची होती. नायलॉन घासलं की ठिणगी पडते. सुती कपडे घालून ये, चप्पल बाहेर काढ, बोलू नकोस आणि मी बोलेपर्यंत काही विचारू नकोस. यातली शेवटची अट मला सर्वांत जड गेली.

आत एक टेबल, एक खुर्ची, माझ्यासाठी आणलेलं एक स्टूल, काचेच्या पेटीतला तराजू आणि भिंतीत लाकडी कपाट. टेबलावर एकच डबा. बंदुकीच्या दारूला ते पावडर म्हणत. काम संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग डबा कपाटात गेला, कुलूप लागलं आणि मगच त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरचा प्रश्न त्यांनी ओळखला असावा. म्हणाले, दोन पावडरी दिसायला सख्ख्या बहिणी असतात. टेबलावर दोन डबे असले आणि बोलता बोलता एकीच्या जागी दुसरी हातात आली, तर अक्काच्या हातात ती फुटेल. म्हणून इथे एका वेळी एक डबा.

"मग खाली साखरेला का?" मी विचारलं.

"हाताला वरचं वेगळं आणि खालचं वेगळं असं शिकवता येत नाही मा. एकच काय ते शिकवावं लागतं."

म्हणजे मी सोवळं समजत होते ते हे. इतकी वर्षं फोडण्या जळत होत्या त्या अक्कांच्या हाताला काही होऊ नये म्हणून. खाली येताना मी मुद्दाम अक्कांकडे बघितलं. त्यांना हे अर्थातच ठाऊक होतं, आणि तरीही त्या फोडणीवरून रोज कुरकुरत होत्या.

मी त्या घरात गेले त्याच्या थोडं आधी अक्का चिकपेटेत, सासरच्याच दुकानाच्या पायरीवरून घसरल्या होत्या. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं पण वाकडं जुळलं. रिव्हॉल्व्हर उडालं की हाताला मागे धक्का बसतो, तो त्या मनगटाला सोसेना. राजाजीनगरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे अण्णा त्यांना घेऊन गेले आणि घरी येऊन सांगितलं की स्वल्प विश्रांती घेतली की सहा महिन्यांत होईल सरी. डॉक्टर आणखीही काही बोलले होते. ते अण्णांनी स्वतःपाशी ठेवलं. ते आम्हाला नंतर कळलं.

सहा महिने कधीच होऊन गेले आणि मनगट होतं तसंच राहिलं. क्लबात दर वर्षी ज्येष्ठांची एक स्पर्धा असते. बक्षीस म्हणजे एक शाल आणि नारळ. पण मोडल्या हाताने घरी बसलेली बाई अशी ओळख अक्कांना नको होती. त्यांना त्या स्पर्धेत उतरायचं होतं, तेही आपल्याच रिव्हॉल्व्हरने. कोणीतरी एअर पिस्तूल सुचवलं तर त्या म्हणाल्या, "बेडा, नको. आयुष्यभर भात खाल्ला, आता पेज देता?" आणि म्हणून अण्णा वरच्या खोलीत हलक्या काडतुसाच्या मागे लागले होते. ज्याचा धक्का अक्कांच्या मनगटाला सोसेल असं काडतूस.

माझ्या बुद्धीला यात अवघड काही दिसेना. पावडर कमी घातली की धक्का कमी. त्यात निवडायचं काय आणि महिनोन्महिने खपायचं काय? हे मी बोलून दाखवलं तर अण्णा इतके खूश झाले की त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून गळ्यातला लावला. खाली जाऊन औषधाची एक रिकामी बाटली आणली, तिच्या तळाशी चिमूटभर रवा टाकला, झाकण लावलं आणि मला दिली.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पितळी पुंगळी जुन्या जमान्यातली. तेव्हाची पावडर ढिगाने लागायची, म्हणून ती ऐसपैस. आताची पावडर तेज, थोडी पुरते. त्यातून धक्का हलका हवा म्हणून ती आणखी कमी करायची. मग एवढीशी पावडर त्या मोठ्या पुंगळीत इकडून तिकडे घरंगळत राहते. त्यांनी मला बाटली तोंडाकडून खाली करायला लावली. रवा झाकणापाशी गेला. "ठिणगी पडते बुडाशी," ते म्हणाले, "आणि पावडर बसलीय तोंडाशी." मग उलटी करायला लावली. रवा बुडाशी आला. रवा तेवढाच, पण दोन्ही वेळी गोळीचा जोर निराळा. एक वर लागणार, एक खाली. काही नेमबाज म्हणे प्रत्येक वेळी नळी आधी वर करून पावडर मागे सरकवतात आणि मग नेम धरतात. अण्णांना ते मान्य नव्हतं. अक्काने नेम बघायचा की आत पावडर कुठे बसलीय ते बघायचं, असं ते म्हणत.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे एवढीशी पावडर पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी वर जागा उरतेच. डोकावून बघितलं तरी कळत नाही. आणि दुप्पट पावडर म्हणजे हातात स्फोट. यावर त्यांनी फार विचार केला होता. क्लबातर्फे जे काही मिळत होतं त्यातून त्यांनी तीन तऱ्हांच्या पावडरी मिळवल्या होत्या. एक रव्यासारखी, एक राजगिऱ्यासारखी आणि एक पातळ पोह्यासारखी, चपटी, फुललेली. पोह्यांसारखी वजनाला हलकी आणि जागा अडवणारी. थोडीच घातली तरी पुंगळी बरीचशी भरते, त्यामुळे घरंगळायला वाव नाही. आणि चुकून दोनदा घातलीच तर ती काठावरून टेबलावर सांडणार.

"चूक होणारच मा," अण्णा म्हणाले. "पण झाली की दिसली पाहिजे. अशी पावडर घ्यायची."

पण ती पावडर मापाने नीट भरता येईना. मापातून पडताना अडकायची, एकदा कमी एकदा जास्त. म्हणून अण्णा प्रत्येक काडतुसाची पावडर तराजूवर तोलायचे, चिमट्याने एक एक पाकळी टाकत. एका सकाळी मोजकीच काडतुसं व्हायची. मी स्टुलावर बसून बघत राहायचे. माझ्या ऑफिसात दिवसभर लोक वेगाबद्दल बोलायचे. इथे एक माणूस चिमट्यात एक पाकळी धरून ती टाकावी की न टाकावी याचा विचार करत बसलेला असे. मला त्याचा कंटाळा आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

निवड त्यांची बरोबर होती. चूक पुढे झाली आणि ती काही सांडून दिसली नाही.

अण्णा अक्कांसाठी फक्त काडतुसंच हलकी करत होते असं नाही. मनगट मोडल्यापासून घरात सगळंच हलकं होत चाललं होतं. न्हाणीघरातली बादली अर्धीच भरलेली असायची. सगळ्या बरण्यांची झाकणं अण्णा आधीच सैल करून ठेवायचे, त्यामुळे एकदा लोणच्याची बरणी झाकणाला धरून उचलताच माझ्या पायावर पडली. दुधाची पिशवी ते स्वतः आणायचे आणि सकाळचा पेपर आधी स्वतः वाचून त्यातली वाईट पानं आपल्यापाशी ठेवायचे. अक्कांची एक मैसूरची मावसबहीण वारली तर ती बातमी त्यांनी अक्कांना हप्त्याहप्त्याने दिली. सकाळी तिला स्वल्प बरं नव्हतं, दुपारी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी डॉक्टर प्रयत्न करत होते. अक्कांना फोनवर सकाळीच कळलं होतं. त्या दिवसभर गप्प बसून, हा माणूस बहिणीला कधी मरू देतो याची वाट बघत होत्या. मला हे सांगताना त्या हसल्या, पण मधेच थांबल्या.

क्लबात मी त्यांच्याबरोबर अनेकदा गेले. शहराबाहेरचं ते मैदान, मागे मातीचा उंच बांध, कानावर लावायचे जाड टोप. नवीन घाणीतलं पहिलं काडतूस नेहमी अण्णा स्वतः उडवायचे. घाणी हा त्यांचा शब्द, एका बैठकीत भरलेल्या काडतुसांना ते तसं म्हणत. आपल्या हाताला काही झालं नाही तरच पुढची अक्कांना द्यायची. आणि अक्का उभ्या राहिल्या की अण्णा त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. इतका वेळ घालवून भरलेलं काडतूस कुठे लागलं ते बघायचं नाही? मी विचारलं तर म्हणाले, आवाजावरून कळतं. ते खोटं होतं. कानावर टोप असताना काय कळणार? गोळी सुटताना अक्कांचा चेहरा आकसायचा, ते त्यांना बघवत नव्हतं.

उडवून झालं की अक्का नकळत मनगट चोळायच्या, आणि तेवढं मात्र अण्णांना बरोबर दिसायचं. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत तराजूवरून आणखी दोनचार पाकळ्या उचलल्या जायच्या. हलकं करायलाही एक मर्यादा असते. त्याखाली गेलं तर गोळीला नळीतून बाहेर पडण्याइतका जोर मिळत नाही. हे अण्णांना नुसतं माहीत होतं असं नाही, क्लबातल्या प्रत्येक नव्या माणसाला ते पदरचा वेळ घालून हेच शिकवायचे. पण मर्यादेवर पोचल्यावर अक्कांनी पुन्हा मनगट चोळलं. मग अण्णांनी स्वल्प आणखी काढली. पुन्हा चोळलं. पुन्हा स्वल्प. इतकी वर्षं लोकांना ऐकवलेला ‘स्वल्प’ त्यांनी आता स्वतःलाही ऐकवला.

स्पर्धा तोंडावर आली होती. एका सकाळी क्लबात अण्णांनी पहिलं काडतूस उडवलं, ठीक गेलं. अक्का उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी धरून. अण्णांनी पाठ केली. एक गेलं, दुसरं गेलं. अक्कांचा चेहरा आकसलाही नाही, आणि मला वाटलं, जमलं अण्णांना. तिसरं उडालं. माझ्या टोपातून मला काही वेगळं जाणवलं नाही. अक्का मात्र बोट चापावर तसंच ठेवून थबकल्या. मग त्यांनी बोट काढलं, नळी बांधाकडेच ठेवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "अहो, हाताला काही लागलंच नाही."

अण्णा वळले. ते पळताना मी पहिल्यांदाच बघितलं. रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांनी थोडा वेळ तसंच बांधाकडे धरलं, मग काडतुसांची चक्री बाहेर काढून रिकामी केली आणि पेटीतली लाकडी काडी नळीतून आत सारली. काडी अर्ध्यावर अडली. गोळी आतच होती. अक्कांनी पुढचा चाप ओढला असता तर मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळली असती आणि नळी अक्कांच्या हातात, तोंडासमोर फुटली असती.

अण्णा तिथेच मातीत बसले. पांढऱ्या शर्टासह, पाय पसरून. घरी येताना गाडी मी चालवली.

पुढचा आठवडाभर गच्चीवरच्या खोलीची दोन्ही कुलपं लागलेली. अण्णा बाहेरच्या खोलीत बसून पेपर वाचायचे आणि पान उलटायचं विसरायचे. अक्कांचं नाव स्पर्धेतून काढायला त्यांनी क्लबात फोन केला होता, तेही त्यांनी अक्कांना सांगितलं नव्हतं. क्लबातल्या बाईंनी अक्कांनाच उलट फोन करून विचारलं, त्यामुळे कळलं.

रविवारी मी डबा परत द्यायला खाली गेले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थांबले. ओट्यावर मीठ, साखर, चहा आणि हळद असे चारही डबे शेजारी शेजारी उभे होते, झाकणं उघडी. अण्णा खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघत होते आणि उठत नव्हते. मला काय वाटलं ते मी सांगते, मला रडू आलं. मी परत फिरणार तोच अक्का म्हणाल्या, "बस गं. तू पण ऐक. हे मला एकटीला खरं सांगणार नाहीत."

मी दाराशी बसले. अक्कांनी काही आवाज चढवला नाही. गोळी अडकली त्याचा त्यांना राग नव्हता. चूक कोणाकडूनही होते. त्यांनी विचारलं एवढंच, की राजाजीनगरचे डॉक्टर काय म्हणाले होते.

अण्णा म्हणाले, सांगितलं होतं ना, स्वल्प विश्रांती.

"तुम्ही मला सगळं कमी करून देता," अक्का म्हणाल्या. "बादली, बातमी, काडतूस. हाताला काही लागलं नाही म्हणून मी त्या दिवशी घाबरले. घरातसुद्धा मला काही लागत नाही, तेव्हा मी अशीच घाबरते. आत काय अडकून राहिलंय कळत नाही. आहे तेवढं द्या मला."

अण्णांनी डब्यांवरची नजर काढून अक्कांकडे बघितलं. मग सांगितलं. मनगट असंच राहणार. दुखणं जाणार नाही. जोर येणार नाही, हळूहळू कमीच होत जाईल. एक दिवस रिव्हॉल्व्हर उचलवणार नाही. कधी ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वापरल्याने बिघडणार नाही, पण दुखेल. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि त्यात ‘स्वल्प’ एकदाही आला नाही.

अक्कांनी आपल्या मनगटाकडे बघितलं, कोणा दुसऱ्याचं असावं तसं. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "सरी. म्हणजे आत्ता उचलता येतंय तोवर उडवायला पाहिजे." क्लबात फोन करून नाव परत घालायला त्यांनी सांगितलं, आणि पावडर पूर्वी होती तिथवर न्यायला. अण्णा म्हणाले, लागेल. अक्का म्हणाल्या, लागू दे. गोळी बाहेर पडू दे म्हणजे झालं.

अण्णा उठले. एक एक करून त्यांनी चारही डब्यांची झाकणं लावली आणि तीन फळीवर नेऊन ठेवले. चहाचा तेवढा ओट्यावर राहिला. मी उठून आधण ठेवलं आणि साखरेचा डबा चहाचा वर गेल्यावरच काढला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरची कुलपं उघडली. या वेळी स्टुलावर अक्का बसल्या होत्या, सुती साडी नेसून. नळीतली गोळी काढून रिव्हॉल्व्हर क्लबातल्या जाणकाराने तपासून दिलं होतं. पावडर तीच, पातळ पोह्यांची. अण्णा तोलायचे आणि तराजूचा काटा अक्का बघायच्या. अण्णांचा चिमटा एखादी पाकळी उचलायला परत तराजूकडे वळला की त्या नुसत्या खाकरायच्या.

स्पर्धेच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वारा होता. अक्कांच्या शेजारी दोन निवृत्त फौजी आणि एक दातांचे डॉक्टर. अक्का पुढे होऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी सवयीने पाठ केली. मग मी बघितलं, ते सावकाश वळले आणि समोर तोंड करून उभे राहिले. पहिली गोळी सुटली, तिचा धक्का अक्कांच्या खांद्यापर्यंत गेला, त्यांचा चेहरा आकसला, आणि अण्णा ते बघत राहिले. दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी तसाच चेहरा आणि प्रत्येक वेळी अण्णांचे डोळे तिथेच. काळा गोल कागद कुठे फाटतोय ते त्यांनी या वेळीही बघितलं नाही. ते अक्कांचा हात बघत होते.

शाल आणि नारळ दातांच्या डॉक्टरांना मिळाला. अक्का मधेच कुठेतरी आल्या. त्यांनी आपला कागद मागून घेतला, गुंडाळला आणि मला सांभाळायला दिला. फौजींपैकी एकाने काडतुसं कोणाची म्हणून चौकशी केली तर त्यांनी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णा नेहमीप्रमाणे म्हणाले, "मी हमाल."

परत येताना गाडी पुन्हा मीच चालवत होते. ते दोघं मागे बसले होते. अक्कांचं मनगट चांगलंच सुजलं होतं. कनकपुरा रस्त्याला गाड्यांची रांग लागली आणि आम्ही थांबलो. आरशात मला दिसलं, अक्कांनी उजवा हात अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"दुखतंय," त्या म्हणाल्या.

मी वाट बघत होते. ‘स्वल्प आहे, होईल सरी’ हे आता येणार, असं मला वाटलं.

अण्णांनी मनगट दोन्ही तळव्यांत घेतलं, वजन बघावं तसं थोडं उचललं.

"हो," ते म्हणाले. "उद्या आणखी दुखेल."

अक्कांनी मान सीटला टेकवली आणि डोळे मिटले. हात त्यांनी काढून घेतला नाही.